झिप फाइलमधले तर्रीपोहे

परवा मी चोर पकडला. तोही आमच्या हिंगण्याच्या बिस्किट फॅक्टरीत, खुर्चीवरून न उठता...

झालं असं, मागे एकदा कोणीतरी चालू लाइन बंद केली आणि भट्टीतली अख्खी खेप करपली. कॉम्प्युटरच्या रिपोर्टमध्ये नाव आलं वासुदेवकाकांचं, आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरचं. पंधरा दिवसांनी रिटायर होणाऱ्या माणसाला मेमो निघणार होता.

काका माझ्या टेबलाशी आले. "मी बटन नाही दाबलं गा. इतकी वर्षं काम केलं, आता जाता जाता डाग घेऊन जाऊ काय? तूच पाहून दे." मला फार वाईट वाटलं.

आता आमची पद्धत ऐका. काका सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन लॉगिन करतात आणि अख्खी शिफ्ट दिवसभर त्यांच्याच नावावर काम करते. पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला! प्रत्येकाला वेगळं लॉगिन देणं हे आयटीचं, म्हणजे माझंच काम... ते मी कित्येक महिने "सोमवारी करतो" म्हणत होतो.

पण लाइन बंद करताना कारण लिहावं लागतं. ते रिपोर्टमध्ये येत नाही, फक्त लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदवहीत राहतं, आणि जुने लॉग आम्ही झिप करून ठेवतो. मी शहाण्यासारखा एकेक फाइल उघडत बसलो. उघडलेल्या फाइलींनी सर्व्हरची डिस्क भरली, काय झालं ते बघायला साहेब स्वतःच चालत आले... मग डोक्यात उजेड पडला.

कमांड लाइनवर zgrep नावाची कमांड आहे. बरणीचं झाकण न काढता आतली लोणच्याची फोड हाती यावी, तशी ती बंद फाइलमधला शब्द शोधून देते. मी काकांचं नाव आणि STOP टाकून एंटर मारलं. काका आणि साहेब दोघंही मागे उभे होते.

त्या दिवसाची ओळ आली. कारणाच्या जागी लिहिलं होतं... तर्रीपोहे.

साहेबांना काही कळेना. मला मात्र एसीत घाम फुटला. कारण टेस्टिंग करताना प्रत्येक रकान्यात "तर्रीपोहे" लिहिणारा अख्ख्या फॅक्टरीत एकच माणूस आहे. त्या दिवशी नवं अपडेट टाकल्यावर, टेस्टची स्क्रीन समजून मीच काकांच्या चालू लॉगिनवरून खऱ्या लाइनचं बटन दाबलं होतं. आणि मनीषनगरची बस सुटेल म्हणून मागे न बघता पळालो होतो!

गप्प बसता आलं असतं... पण काका मागे उभे होते. "सर, हा मीच," म्हटलं. साहेबांनी मेमोवरचं नाव तिथल्या तिथे बदललं.

काकांनी वाकून स्क्रीनवरची ओळ वाचली. मग म्हणाले, "काहून गा, एवढी भूक लागली होती तर मले सांगायचं ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून डबाभर पोहे आणले, वर ओतायचा झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री, वेगळ्या बाटलीत. ते खात खातच मी मेमोवर सही केली आणि सगळ्यांची लॉगिन बनवायला घेतली, सोमवारची वाट न बघता. तर्रीचा एक थेंब नेमका माझ्या नावावर पडला... असू दे. काका कोरे रिटायर होताहेत, डाग माझ्याच कागदावर बरा.