लाल पट्टी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सगळे त्याला वस्तादच म्हणत. शेकडो माणसांचा स्वयंपाक त्याच्या हाताखाली व्हायचा, आणि तो चालू असताना मॅनेजरनेसुद्धा आत पाऊल टाकायचं नाही, असा त्याचा दंडक होता. घरीही तोच थाट. बायको शिलाईच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायला जायची आणि घरचा स्वयंपाक हा करायचा. तिने कधी हौसेने भाजी ढवळायला घेतलीच, तर हा मागे उभा राहून असे सुस्कारे टाकायचा की बिचारी चमचा ठेवून बाहेर जाऊन बसायची.

एके दिवशी कॅन्टीनच्या ओल्या फरशीवर त्याचा पाय घसरला आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साकळलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पाय चालू लागले, जीभ तर होती तशीच तिखट राहिली. गेली ती डावी बाजू. डोळे शाबूत होते, पण डावीकडे काही असतं हेच त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. उजव्या गालाची दाढी करायचा आणि झाली म्हणायचा. ताटातलं उजवीकडचं तेवढं खाऊन, मला उपाशी मारायचा बेत आहे का, म्हणून भांडायला उठायचा. ती ताट फिरवायची, की हा पुन्हा जेवू लागायचा. डावा हात हलायचा, धरायचा, पण त्याला कुठे लागलं-खुपलं तर त्याची खबर वस्तादापर्यंत पोचत नसे.

त्याच्या थोरल्या भावाने, तिच्या भावजींनी, दवाखान्यात रात्रंदिवस खस्ता खाल्ल्या होत्या. त्यांनीच विषय काढला. तिची रजा संपत आली होती आणि कामावर गेल्याशिवाय घर चालणार नव्हतं. याला एकट्याला ठेवता येत नसेल तर मी माझ्याकडे नेतो, असं ते म्हणाले. माणूस चांगला, मनाने मोठा. पण त्यांच्या घरात जागा होती ती पॅसेजमधल्या खाटेपुरती, आणि तिथे वस्तादाला स्वयंपाकघरात कोण शिरू देणार? खाटेवर नुसता बसवला तर हा माणूस हाय खाऊन मरेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. शेवटी असं ठरलं, की रजा संपायच्या आत त्याने एकट्याने भात-भाजी करून भावजींना दाखवायची.

थेरपीवाल्या बाई यायच्या, त्यांनी ओट्याच्या अगदी डाव्या टोकाला लाल चिकटपट्टी लावून दिली. कशालाही हात घालायच्या आधी ती पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची. पट्टी दिसली म्हणजे सगळा ओटा पाहून झाला. ते चिडतील, रडतील, पण तुम्ही मदत करायची नाही, असं त्यांनी तिला बजावलं.

तो चिडला आणि रडलाही. बटाटा हातात फिरवत सोलायचं त्याला जमलं, ती कमाई खरी होती. पण पट्टी काही सापडेना. मान थोडी वळायची आणि भिंत लागल्यासारखी थांबायची. एवढा वस्ताद माणूस, स्वतःच्याच ओट्यावर मीठ शोधताना रडकुंडीला यायचा. ते तिला बघवेना. तो झोपलेला असताना तिने पट्टी उचकटली आणि वीतभर उजवीकडे लावली.

दुसऱ्या दिवशी त्याला ती सापडली. त्याचा चेहरा असा फुलला की तिचा जीव भांड्यात पडला. थोडी उमेद आली की पट्टी परत मागे नेऊ, अशी तिने मनाची समजूत घातली. मागे कसली नेतेय! पट्टी पुढेच सरकत राहिली आणि शेवटी थेट शेगडीवरच्या पातेल्याला येऊन टेकली. मीठ, तेल, पळी, सगळं तिने पट्टीच्या उजवीकडे मांडलं. बाई यायच्या त्या दिवशी पट्टी मूळ जागी जायची. बाई म्हणायच्या, प्रगती फार हळू आहे. ती मान डोलवायची.

ठरल्याप्रमाणे भावजी आले. वस्तादाने पट्टी पाहिली, कांदा चिरला, भाजी केली, भात केला, गॅस बंद केला. भावजी दोनदा वाढून घेऊन जेवले आणि जाताना, आता मी निर्धास्त झालो, म्हणाले. ती त्यांना दारापर्यंत सोडायला गेली, पण त्यांच्याकडे बघायची तिची छाती झाली नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी तिचं मन कॉलरवर नव्हतंच. संध्याकाळी ती धावतपळत घरी आली. दोन ताटं मांडलेली, भाजी झालेली, वस्ताद पाटावर ऐटीत बसलेला. तिला आधी बरं वाटलं. मग कसला तरी करपल्याचा वास आला. तिने पातेलं पाहिलं, भाजी लागली नव्हती.

पातेलं डाव्या हाताने फडक्यात धरायचं आणि उजव्याने ढवळायचं, ही त्याची कॅन्टीनमधली जुनी सवय. फडकं खाली पडलेलं होतं. हात तसाच पातेल्याच्या काठावर राहिला असणार, भाजी शिजेपर्यंत. बोटं आणि तळवा सोलून पांढरे पडले होते. पट्टी बघायला तो विसरला नव्हता. त्याचा हात पट्टीच्या पलीकडे होता.

तिने त्याला उठवून मोरीत नेलं आणि हात नळाखाली धरला. तो उजवीकडे बघत राहिला.

"पाणी कशाला वाया घालवतेस? जेवायला बस, गार होतंय."

"तुमचा हात भाजलाय."

"कुठे?" त्याने उजवा हात वर करून पाहिला.

तिला रडू फुटलं. रडता रडताच तिने सगळं सांगितलं, पट्टी कुणी हलवली, किती हलवली, का हलवली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बारीक होत गेला.

"म्हणजे त्या दिवशी दादासमोर मी पास झालोच नव्हतो?"

"नाही," ती म्हणाली आणि नळ आणखी मोठा सोडला.