अत्तराचा वास आणि तुटलेले नमुने
आज जुमेरा लेक टॉवर्सच्या लिफ्टमध्ये मागून अत्तराचा वास आला आणि दुबईतली माझी पहिली लॅब आठवली. पेशीतल्या जनुकांची राखण करणाऱ्या छोट्या आरएनएवर मी काम करत होते. उघडं बोट लागलं तरी आरएनए तुटतो, आणि माझे नमुने तीन आठवडे तुटलेलेच निघत होते. एसीच्या गारव्यात माझ्या टेबलाशी रोज तोच गोड, जड वास रेंगाळायचा. तो रत्नागिरीकडच्या सफाईवाल्या चाचांचा. मी काचेआडून त्यांच्या हातांवर नजर ठेवायचे. काहीच सापडलं नाही, तरी सफाईच्या सुपरवायझरकडे तक्रार केली. "खलास मॅडम, विषय संपला. उद्यापासून त्यांना रास अल खोरच्या गोदामात पाठवतो," तो म्हणाला. जाताना चाचा शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी तुमच्या टेबलाला कधी हात लावला नाही. तुम्हीच हातमोजे घालून फोन उचलता आणि तसेच नळ्या धरता." मी रागाने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मात्र फोन खणात ठेवला, आणि नमुने शाबूत निघाले. पुढे शोधनिबंधाच्या शेवटी सगळ्यांचे आभार मानले. चाचांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. आज लिफ्टमध्ये मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.