झाकण एकाचं, तळ दुसऱ्याचा

नाव: श्रीमती अरुणा चंद्रहास हर्डीकर. वय: साठ वर्षे पूर्ण. मूळ गाव: वाई, जिल्हा सातारा. वास्तव्य: इंदिरा नगर, लखनौ, चौतीस वर्षे. हुद्दा: तांत्रिक सहायक, हर्बेरियम विभाग (सेवानिवृत्त). वर्तणूक: समाधानकारक. स्वतंत्र निर्णयाचे अधिकार: नाहीत. स्वतंत्र लेखन: निरंक. शेरा: सदर कर्मचारी गवत ओळखतात.

शेवटचा शेरा ज्या साहेबांनी मारला, त्यांना स्वतःला गवत ओळखता येत नसे. त्यामुळे ती स्तुती होती की तक्रार, हे अरुणाबाईंना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं दफ्तर. जाड कागदावर एक एक वनस्पती चिकटवलेली, आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: नाव काय, कुठे सापडली, कोणी आणली, कधी. तिथे लेबलाला फार मान. नाव चुकलेलं निघालं तरी जुनं लेबल फाडायचं नाही. शेजारी दुसरी चिठ्ठी डकवायची, तिच्यावर बरोबर नाव, तारीख आणि ज्याने ठरवलं त्याची सही. अरुणाबाईंनी एकतीस वर्षांत अशा हजारो चिठ्ठ्या लिहिल्या. सही साहेबांची असायची. साहेब सहा बदलले, अक्षर एकच राहिलं.

तर २०१२च्या जानेवारीत, निवृत्त होऊन तीन महिने होत असताना, एका छोट्या वनस्पतिशास्त्र मंडळाचं पत्र आलं. त्यांच्या नियतकालिकाचा गवतांवर विशेषांक निघणार होता. अरुणाबाईंच्या वह्यांत गोमतीकाठच्या दोनशे सत्तेचाळीस गवतांची आणि लव्हाळ्यांची नोंद होती, सगळी रविवारी स्वतः हिंडून केलेली. यादी तुमच्या नावाने छापू, असं संपादकांनी लिहिलं होतं. अट एकच, मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून एकतीस मार्चच्या आत पाठवायचा. पुढचा गवत-विशेषांक कधी निघेल ते संपादकांनाही ठाऊक नव्हतं.

घरात कॉम्प्युटर नव्हता, म्हणून अरुणाबाईंनी वापरलेला लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. “आई, नया ले लो ना, यार,” मुक्ता म्हणाली. लेकीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र लखनौचं यायचं.

“यार कोणाला म्हणतेस? आणि गवतासाठी नवा कशाला? मी जन्मभर जुन्या वस्तूंवरच पगार घेतलाय.”

चंद्रहासराव रेल्वेतून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, “बिल पक्कं देणार का?”

लखनौच्या महानगर नावाच्या भागात, कपूरथळा बाजाराच्या मागे, ऋषभ रस्तोगीचं दुकान होतं. वापरलेले लॅपटॉप पुसून, दुरुस्त करून विकायचा. लखनौमध्ये माणूस फसतो तेव्हासुद्धा त्याला आधी बसायला खुर्ची मिळते. “तशरीफ रखिए, आंटीजी,” ऋषभ म्हणाला. चहा आला. लॅपटॉप आला. त्यावर छापील लेबल होतं: प्रोसेसर अमका, रॅम चार जीबी, बॅटरी नवी, तपासणी पूर्ण. बिल साध्या चिठोऱ्यावर मिळालं आणि वॉरंटी तोंडी.

इथे अरुणाबाईंची चूक झाली. शेजारच्या मंडळींनी लॅपटॉप उलटापालटा केला असता, मेव्हण्याला बोलावलं असतं. अरुणाबाईंनी लेबल वाचलं आणि पैसे दिले. छापलेल्या लेबलामागे कोणीतरी जबाबदार माणूस असतो, असा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव होता. त्या लेबलावर सही नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं नाही याचाच त्यांना पुढे सगळ्यात जास्त राग आला.

नवी बॅटरी वीस मिनिटं चालायची. तेवढं त्यांनी सोसलं, वायर जोडून बसल्या. मग तो तापायला लागला. पोळी शेकता येईल, असं मुक्ता म्हणाली. मार्चच्या सहा तारखेला, एकशे नव्वदावं गवत टाइप होत असताना पडदा काळा झाला तो झालाच. दुसरीकडे प्रत ठेवावी, हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या दुकानात हजर. ऋषभने दोन-तीन बटणं दाबली.

“कुछ नहीं आंटीजी, विंडोज उड़ गई है. फॉरमॅट मार देते हैं, आधे घंटे में मक्खन.”

“फॉरमॅट मतलब?”

“मतलब सब साफ. एकदम नया.”

अरुणाबाईंनी लॅपटॉप त्याच्या हातातून काढून घेतला. तसा काढून घेतला म्हणणं सौम्य झालं. “इसमें एक सौ नब्बे घास हैं,” त्या म्हणाल्या. “एक भी साफ नहीं होगी.”

ऋषभने ग्राहकाच्या तोंडून नाना तऱ्हेच्या गोष्टी ऐकल्या होत्या. ही नवी होती. तो चहा सांगायला वळला.

तेवढ्यात अरुणाबाईंनी लॅपटॉप पालथा घातला, पर्समधून भिंग काढलं आणि त्या प्रथमच त्याच्याकडे नमुना म्हणून पाहू लागल्या. तळाला अकरा स्क्रू, तीन जातींचे. झाकणाचा करडा रंग वेगळा, तळाचा वेगळा. तळावरचा मशीन नंबर त्यांनी कागदावर उतरवला आणि ऋषभला म्हणाल्या, “इसको चालू करो, बस नंबर दिखाओ.” सुरू होताना पडद्यावर जो नंबर आला तो दुसराच होता. अर्ध्या मिनिटात पडदा परत काळा. तेवढ्या वेळात त्यांनी पंख्याच्या जाळीपाशी टिपकागदाची पट्टी धरली होती. पट्टी हलली नाही.

हर्बेरियममध्ये कधी कधी असा कागद निघतो. फूल एका झाडाचं, पानं दुसऱ्याची, आणणाऱ्याने घाईत एकत्र डकवलेली. त्याला मिश्र नमुना म्हणतात. अरुणाबाईंनी असे शेकड्यांनी पकडले होते.

“ये एक लॅपटॉप नहीं है,” त्यांनी निकाल दिला. “ऊपर एक, नीचे दूसरा. नीचेवाले की जाली इधर है, आपका पंखा उधर. हवा जाएगी कहाँ?”

ऋषभने तळ उघडला. पंखा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या भिंतीला तोंड लावून बसला होता. रॅम दोन जीबीची निघाली.

त्याने पंखा बोटाने फिरवून पाहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “आंटीजी, कसम से, मुझे नहीं पता था. माल दिल्ली से बोरे में आता है. लेबल भी वहीं से.”

“और आपने पढ़ लिया.”

“जी.”

“मैंने भी,” अरुणाबाई म्हणाल्या. त्यांचा निम्मा राग तिथे उतरला.

ऋषभने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. एकशे नव्वदच्या एकशे नव्वद गवतं जिवंत होती. त्याने ती पेनड्राइव्हवर घालून दिली आणि म्हणाला, दुकानातला कुठलाही लॅपटॉप बदल्यात उचला. फडताळात तेवीस होते. तेवीसांवर तेच लेबल.

“उचलू कुठला?” अरुणाबाई स्वतःशीच मराठीत म्हणाल्या. मग त्यांनी स्टूल ओढलं.

तीन दुपारी त्या तिथे बसल्या. ऋषभ मशीन उघडायचा, त्या बघायच्या आणि लिहायच्या. जुनं लेबल त्यांनी एकही काढू दिलं नाही, त्याच्या शेजारी चिठ्ठी डकवली. ‘झाकण व तळ भिन्न. बॅटरी फुगलेली.’ ‘रॅम दोन जीबी, चार नव्हे.’ ‘बिजागरी गोंदाने चिकटवलेली, उघडताना जपावे.’ हे सगळं सुवाच्य हिंदीत, आणि खाली: निर्धारण, अ. चं. हर्डीकर, तारीख. पहिल्या चिठ्ठीवर सही करताना त्यांचा हात क्षणभर थांबला. सवयीने त्यांनी साहेबांसाठी जागा सोडली होती.

“आप तो मेरी दुकान बंद करा देंगी,” ऋषभ कुरकुरला. “ग्राहक के सामने ये सब कौन चिपकाता है?”

“हम चिपकाते हैं. इकतीस साल से.”

तिसऱ्या दुपारी एक शाळामास्तर आले. मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता. त्यांनी एकेक चिठ्ठी चष्मा सावरत वाचली आणि ‘सर्व भाग एकाच यंत्राचे. बॅटरी जुनी, पाऊण तास चालते’ असं लिहिलेला उचलला. घासाघीस केली नाही. जाताना त्यांनी विचारलं, “ये हर्डीकर साहब कौन हैं?”

ऋषभने स्टुलाकडे बोट केलं. मास्तर गडबडले, मग त्यांनी रीतसर वाकून आदाब केला. अरुणाबाईंनी भिंग खाली ठेवून नमस्कार केला.

तेवीसांपैकी सहा एकसंध निघाले होते. एक मास्तरांबरोबर गेला, एक अरुणाबाईंनी घेतला. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या ऋषभने काढल्या नाहीत, किंमत कमी केली. त्या दिवशी अरुणाबाई घरी आल्यावर चंद्रहासरावांनी बदलून आणलेला लॅपटॉप पालथा करून सगळे स्क्रू तपासले.

“एकाच जातीचे आहेत,” ते म्हणाले.

“मग? कोणी पाहिलाय तो?” अरुणाबाई म्हणाल्या, आणि ताटं घ्यायला उठल्या. मुक्ताने बापाकडे पाहून भुवया उडवल्या. पुढे आठवडाभर ती फोनवर मैत्रिणींना सांगत होती, “मम्मी से चेक करा ले, लेबल-वेबल छोड़.”

उरलेली सत्तावन्न गवतं एकोणतीस मार्चला संपली. तीसला मेल गेली.

जूनमध्ये विशेषांक आला. यादी पान एकेचाळीस ते बहात्तर होती. लेखकाच्या जागी एकच नाव होतं, आणि त्यापुढे हुद्दा छापलेला नव्हता.