देल्मिराच्या चेंडूंच्या खुणा

आसूल गावातल्या आमच्या क्लबात टेनिसची तीन कोर्टं आहेत, विटांच्या लाल भुकटीची, आणि तिन्ही मी राखतो. सकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, प्रत्येक मॅचनंतर जाळी ओढून माती सारखी करायची, रेषा झाडायच्या. सव्वीस वर्षं हेच करतोय. मी स्वतः कधी रॅकेट धरली नाही, पण गावात कोण कसं खेळतं ते मला विचारावं.

देल्मिरा एचार्ते माझ्या शाळेतली, एका वर्गातली. पुढे ती टपालवाली झाली. तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटून तिचे पाय असे झाले होते, की गावातल्या कुत्र्यांनी तिच्या मागे लागणं कधीच सोडून दिलं होतं. चाळिशीत ती टेनिसकडे वळली आणि पहिल्या दिवसापासून तिचा एकच खाक्या: समोर आलेला चेंडू जणू आपल्या घरावर दरोडा घालायला आलाय, अशा आवेशाने त्याला झोडपायचं. बसला तर समोरचीला दिसायचासुद्धा नाही. पण बसायचा चारातून एकदा.

तिची गाठ दरवर्षी आइदे बोनफान्तीशी पडायची. आइदेबाई म्हणजे नोटरीच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, सहासष्ट वर्षांच्या, पांढरी टोपी घालून खेळणाऱ्या. त्यांचा फटका इतका मऊ, की चेंडू नेटवरून जाताना विचार करतोय असं वाटावं. पण तो परत यायचा. प्रत्येक वेळी यायचाच. वसंतातल्या क्लबच्या स्पर्धेत देल्मिरा त्यांच्याकडून चौदा वर्षं हरली. एका वर्षी तिने चिडून रॅकेट कुंपणापलीकडे भिरकावली आणि ती शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पडली. आठवडाभर शेजारीण आमच्याकडे अंड्यांची तक्रार घेऊन येत होती.

चौदाव्या पराभवानंतर देल्मिरा बाकावर बसून बुटातली माती झटकत होती. मी जाळी ओढायला निघालो आणि मध्येच थांबलो. का कोण जाणे, त्या दिवशी मला राहवलं नाही.

"देल्मिरा, इकडे ये जरा."

"आता नको रे सेफे. उद्या हस."

"हसत नाहीये. ये, बघ."

आमच्या मातीत चेंडू पडला की खूण उमटते. मी तिला आइदेबाईंच्या बाजूला नेलं. देल्मिराने मारलेल्या चेंडूंच्या खुणा तिथे होत्या: रेषेला चिकटून थोड्या, आणि रेषेबाहेर वीतभर, हातभर, कुठे तर पार कुंपणापाशी, ढीगभर. मग आम्ही तिच्या बाजूला आलो. आइदेबाईंच्या खुणा मागच्या रेषेच्या आत दोन पावलांवर, गर्दी करून, कबुतरांना दाणे टाकल्यासारख्या. रेषेबाहेर फक्त तीन.

देल्मिरा कमरेवर हात ठेवून पुन्हा पलीकडच्या खुणांकडे बघू लागली.

"म्हणजे त्या मला हरवतच नाहीत," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू गप्प बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताज्या मेदियालुनांचा, म्हणजे चंद्रकोरीसारख्या गोड पावांचा, पुडा घेऊन थेट आइदेबाईंच्या दारात गेली. हे मला नंतर आइदेबाईंनीच सांगितलं. देल्मिरा दारातच म्हणाली, "आइदेबाई, मला शिकवा."

आइदेबाईंनी 'माते'चा, म्हणजे आमच्याकडच्या कडवट चहाचा, पेला तिच्या हातात दिला. "अगं, तुला हरवणं म्हणजे मला भांडी घासण्यासारखं झालंय. करायचं म्हणून करते. शिकवते तुला, माझाच कंटाळा जाईल. पण दोन अटी. रॅकेट फेकायची नाही. आणि माझ्याविरुद्ध कसं खेळायचं ते मी सांगणार नाही, ते तुझं तू शोध."

उन्हाळा सरला आणि मग हिवाळाभर, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात जून ते ऑगस्ट, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, त्या दोघी तिसऱ्या कोर्टावर दिसायच्या. नेटच्या दोन्ही खांबांना बांबू बांधून मी नेटच्या वर मीटरभर उंचीवर कपडे वाळत घालायची दोरी ताणली. देल्मिराने चेंडू दोरीच्या वरूनच मारायचा आणि तोही तिरका, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात.

"दोरीवरून मारायचं म्हणजे हळू मारायचं," देल्मिरा कुरकुरली.

"म्हणजे उंच मारायचं. तिरकं मारलं की कोर्ट लांब मिळतं आणि मध्ये नेटही ठेंगणं असतं. रेषेच्या कडेने सरळ मारायची घाई कुणाला असते माहितेय? जिला पळायचा कंटाळा असतो. तुला आहे?"

"मला?" देल्मिरा जवळजवळ ओरडलीच.

"मग पळ."

वीस फटके न चुकता झाले की आकडा तीसवर जायचा. चुकलं की पुन्हा एकपासून. पहिल्या आठवड्यात देल्मिरा अकराच्या पुढे गेली नाही. तिची मूठ रॅकेटवर सायकलच्या ब्रेकसारखी आवळलेली असायची. आइदेबाई जवळ जाऊन तिची बोटं एकेक करून सैल करायच्या. "पाखरू धरलंयस असं समज. मारून टाकशील बिचाऱ्याला." सर्व्हिस करताना ती चेंडू डोक्याच्या मागे उडवायची, म्हणून त्यांनी स्वतःची पांढरी टोपी रेषेच्या आत, तिच्या उजव्या खांद्यासमोर जमिनीवर ठेवली. चेंडू उडवायचा, मारायचा नाही, टोपीत पडू द्यायचा. पहिल्या दिवशी चेंडू टोपी सोडून सगळीकडे पडले, एक माझ्या चहाच्या पेल्यातही.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी ती चाळीसपर्यंत पोचली. चाळिसावा फटका बसल्यावर तिने चेंडू हातात घेतला, त्याचा मुका घेतला आणि लगेच तोंड पुसत थुंकली, कारण सगळी माती तोंडात गेली होती.

ती आता एक नवीन गोष्ट करू लागली. खेळ संपला की मला जाळी ओढू द्यायची नाही. आइदेबाई घरी गेल्या की त्यांच्या बाजूला जाऊन वाकून बघत बसायची. चेंडूंच्या नाही, पायांच्या खुणा.

"काय हरवलंय?" मी विचारलं.

"सेफे, इथे बघ. उजवीकडे त्या नेटपर्यंत जातात. डावीकडे मात्र सर्व्हिसच्या रेषेच्या पुढे एक पाऊल नाही. चौदा वर्षं खेळतेय मी त्यांच्याशी, एकदाही बघितलं नाही."

संध्याकाळी आइदेबाईंनी मला फाटकाशी गाठलं. "काय बघत होती ती?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तू कुणाच्या बाजूचा आहेस रे?"

"मी झाडूच्या बाजूचा, आइदेबाई."

नोव्हेंबरात, वसंतातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच दोघी आल्या. मांस निखाऱ्यावर चढलं होतं, सगळा क्लब कुंपणाला टेकून उभा होता. पहिला सेट आइदेबाईंनी सहा-चार घेतला, पण घामाघूम होऊन. दुसरा देल्मिराने सात-पाच असा ओढून घेतला. एकेक रॅली इतकी लांबायची, की लोक मध्येच निखाऱ्यावरचं मांस उलटायला जाऊन पोळलेली बोटं चाटत परत यायचे आणि रॅली चालूच असायची.

तिसऱ्या सेटमध्ये देल्मिरा पाच-तीन पुढे होती, सर्व्हिस तिचीच. आणि तिच्या अंगात जुनी देल्मिरा आली. चार फटके, चारही बाहेर. कुंपणापाशी कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. बाजू बदलताना ती बाकावर बसली, टॉवेल डोक्यावर घेतला. मी पाण्याची नळी गुंडाळत जवळच होतो.

"काय बघतोयस?" टॉवेलमधून आवाज आला.

"पलीकडे रेषेबाहेर चार खुणा आहेत. मोठ्या."

टॉवेल हलायला लागला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

पुढचा गेम आइदेबाईंच्या सर्व्हिसवर. देल्मिरा उंच, तिरकं, परत परत मारत राहिली. तीस-चाळीस. मॅचचा पॉइंट. मी मोजत होतो: बावीस, तेवीस, चोवीस. पंचविसावा चेंडू तिने अचानक हळूच, आइदेबाईंच्या डाव्या बाजूला नेटपाशी टाकला. आइदेबाई दचकल्या, धावल्या, कसाबसा उचलला. देल्मिरा तिथेच होती. तिने तो त्यांच्या डोक्यावरून उंच सोडला. सगळ्यांनी माना वर केल्या. चेंडू मागच्या रेषेच्या आत दोन पावलांवर पडला.

आइदेबाई वळून त्या खुणेकडे बघत राहिल्या. मग नेटपाशी येऊन त्यांनी देल्मिराचे दोन्ही गाल धरले. "चोरटे! हा माझा फटका आहे!"

"तुम्हीच दिलात की," देल्मिरा म्हणाली आणि तिला खरंच रडू आलं. आइदेबाईंनी तिला हाताला धरून जेवणाच्या टेबलापाशी नेलं आणि पहिला तुकडा तिच्या ताटात स्वतः वाढला.

मार्चमध्ये त्या दोघी जोडी करून शेजारच्या ओलाव्हारिया गावातल्या स्पर्धेला गेल्या. मलाही मागच्या सीटवर बसवून नेलं. पहिल्याच फेरीत दोन बहिणींनी त्यांना तासाभरात घरी पाठवलं. परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता आइदेबाई म्हणाल्या, "मधला चेंडू तुझा होता."

"कोणता मधला? तुम्ही 'माझा' म्हणून ओरडलात!"

"मी 'तुझा' म्हणाले."

"सेफे, तू सांग. काय म्हणाल्या?"

मी खिडकीबाहेर गुरं बघत बसलो. पुढे आसूल येईपर्यंत दोघींनी हाच वाद घातला, आणि फाटकापाशी उतरताना मंगळवारी किती वाजता यायचं तेही ठरवून टाकलं.