आप्पांची उघडी अंगठी

अंगठी करायला आलेल्या माणसाला मन्मथआप्पा पहिला प्रश्न विचारत, "काढायची कशी?"

गिऱ्हाईक गोंधळून जाई. साखरपुडा तोंडावर आलेला, आणि हा म्हातारा अंगठी बोटात जायच्या आधीच ती काढायच्या गोष्टी करतो, हे कुणाला रुचणार? काहीजण तेवढ्यावरच उठून समोरच्या काचेच्या शोरूममध्ये जात. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. "घालायची कशी ते समदेच इचारतेत," ते म्हणत. "काढायची कशी ते कुणी इचारत न्हाई. अन् वेळ येती ती काढायचीच येती, माय."

लातूरच्या सराफ्यात एका बोळात त्यांचं दुकान होतं. चार माणसं बसली की पाचव्याने उभं राहावं, एवढंच. कपाळावर विभूतीचे पट्टे, एका बाजूने दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि आगीशी खेळून काळी पडलेली बोटं. गंमत म्हणजे दुसऱ्यांना हा प्रश्न विचारणाऱ्या आप्पांच्या स्वतःच्या बोटात एक बारीक, बंद अंगठी मांसात रुतून बसलेली होती. कुणी चेष्टेने विचारलंच, "तुमची कशी काढायची आप्पा?" तर ते हात मागे घेत. "ती न्हाई निघत. ती तिनं तिच्या हातानं घातलेली हाय." ती म्हणजे त्यांची बायको. मी आप्पांना ओळखायला लागले त्याच्या कितीतरी आधीच ती गेलेली होती.

माझी आणि त्यांची पहिली भेट मात्र दुकानात झाली नाही. ती झाली भूकंपाच्या दिवशी दुपारी, लातूरच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात. मी नववीत होते. आदल्या संध्याकाळी, गणपती बोळवून आल्यावर, आईने भाकरी थापायला बसताना आपली अंगठी काढून माझ्या बोटात घातली होती. "सांभाळ जरा," म्हणाली. मला ती सैल होत होती म्हणून मी खालून दोरा गुंडाळला होता. ती परत मागायला आई उरली नाही. त्या पहाटेबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

दगडाखाली सापडलेला माझा डावा हात दुपारपर्यंत नुसता सुजून गेला होता. करंगळीशेजारच्या बोटात अंगठी दिसेनाशी झाली होती आणि बोट काळंनिळं पडत चाललं होतं. व्हरांड्यात अशा हातांची रांगच लागली होती. कुणीतरी सराफ्यात निरोप दिला होता, म्हणून आप्पा आपला हत्यारांचा डबा घेऊन आले होते आणि एकेका हातातून अंगठ्या, बांगड्या कापून काढत होते. माझ्यापाशी येऊन बसले तशी मी किंचाळले, "कापू नगा! माझ्या आईची हाय!"

त्यांनी आरी खाली ठेवली. घाई नव्हती असं नाही, रांग मागे तशीच होती. पण ठेवली. "आईची हाय ना? मग आईला काय पायजे आसल? बोट का अंगठी?"

मी हात पुढे केला. त्यांनी बोट आणि अंगठी यांच्यामध्ये पातळ पत्र्याची ओली पट्टी सरकवली आणि केसासारख्या बारीक पात्याने कापायला सुरुवात केली. मध्येच थांबत, पट्टीवर पाणी सोडत, पुन्हा कापत. शेवटी दोन पकडींनी दोन्ही टोकं धरून त्यांनी अंगठी फाकवली, बोटातून काढली आणि माझ्या उजव्या मुठीत दिली. "तोडली न्हाई माय," ते म्हणाले, "उघडली."

बोट वाचलं. मधलं पेर मात्र कायमचं फुगीर झालं, आणि त्याच्या खालचा भाग बारीकच राहिला.

वडील आधीच गेलेले होते, त्यामुळे मामांनी मला लातुरातल्या आपल्या घरी नेलं. मामा तहसील कचेरीत कारकून. त्यांनी आणि मामीने मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शिकवलं. मी रसायनशास्त्र घेऊन एमएस्सी झाले आणि क्लासमध्ये शिकवायला लागले. तोवर लातूरचं रूपच पालटलं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, मेस, होस्टेल, आणि पाठीला दप्तरं लावून सूत्रं पुटपुटत जाणारी पोरं. आप्पांच्या भिंतीला भिंत लावून एक क्लास निघाला होता. "आता लातुरात सोन्यापरीस मार्काला भाव हाय," आप्पा म्हणायचे. मी त्या बोळातून जाताना ते मान वर न करता विचारत, "बोट काय म्हणतंय?" मी म्हणे, "बरंय." बरं कसलं? मी तासन्‌तास डावा हात पदरात गुंडाळून शिकवत असे. पोरांना ती माझी ऐट वाटायची.

लग्नाचं बघायला लागल्यावर त्या बोटाने घात केला. अहमदपूरचं स्थळ जमत आलं होतं. त्यांनी हात पाहिला आणि निरोप आला, भूकंपातली मुलगी, अजून कुठं काय लागलेलं असेल कुणी सांगावं? मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून नांदेडचं स्थळ आलं तेव्हा मामीने मला पोह्यांचं ताट दोन्ही हातांनी धरायला लावलं, बोटं ताटाखाली. मुलगा प्रकाश, पाटबंधारे खात्यात. माणसं मूळची उमरीची. वडील नव्हते. आई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पसंती आली. प्रकाश मलाही आवडला होता, आणि म्हणूनच मी गप्प बसले. ती लबाडी एकट्या मामांची नव्हती, माझीही होती.

आता मुलीची अंगठी मुलाकडच्यांनी करायची असते. बाकीचे लोक मापाचा दोरा मागवून घेतात. पण मुलाच्या आईने कळवलं, "मुलीच्या बोटात घालून बघितल्याशिवाय मी अंगठी घेत नसते. आम्ही लातूरला येतो." मामांचं धाबं दणाणलं. आदल्या दिवशी ते आप्पांकडे गेले. मीही बरोबर होते.

"आप्पा, तेवढं उजव्या हाताचं माप घ्या. साखरपुड्याच्या गडबडीत डावा का उजवा, कोण बघतंय? एकदा लग्न लागलं की झालं."

आप्पा चिमटा पुसत होते. "जो हात पुढं येतो त्याचं माप मी घेत आसतो," ते म्हणाले. मामांनी तो होकार समजला.

दुसऱ्या दिवशी मी, मामा, प्रकाश आणि त्याची आई असे आम्ही चौघे त्या एवढ्याशा दुकानात गुडघ्याला गुडघा लावून बसलो. पलीकडच्या भिंतीतून क्लासमधली पोरं एका सुरात काहीतरी घोकत होती. आप्पांनी मखमलीचं ताट पुढे ठेवलं. खड्याची, पानाची, जाळीची, वेणीच्या विणीची, नाव कोरलेली. आश्चर्य म्हणजे त्या दिवशी त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. मुलाच्या आईने बराच वेळ एकेक अंगठी उलटीसुलटी करून पाहिली आणि उंच बैठकीचा खडा असलेली एक घट्ट अंगठी उचलली.

"ही घाल बरं."

मी उजवा हात पुढे केला.

"डावा दे गं बाई. आमच्यात डाव्यातच घालतेत."

मामा घाईने म्हणाले, "एकाचं माप घेतलं म्हणजे झालं की, ताई. बोटं काय, सारखीच असतात."

"सारखी नसतात, साहेब. जन्मभर पोरांची नखं तपासली मी."

माझा डावा हात पदरात घामाने भिजला होता. प्रकाश माझ्याकडे पाहत होता. मामांच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती. सगळं आता आप्पांच्या हातात होतं. एक शब्द त्यांनी टाकला असता, उजव्याच्या मापावरून करतो म्हणाले असते, तर निभावलं असतं. आप्पांनी मापाच्या कड्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवला. "हात तुझा हाय माय," एवढंच म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून विझलेल्या शेगडीतले कोळसे हलवत बसले.

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. आणि त्या रागातच मी डावा हात काढून ताटावर ठेवला.

मुलाच्या आईने तो उचलला, पालथा केला, पेर दाबून पाहिलं. "हे कधीचं?"

"भूकंपातलं."

"आणि आम्हाला आज कळतंय."

मामा बोलू लागले. त्यांनी हात वर करून मामांना थांबवलं. "बोटाचं नाही म्हणत मी. लपवल्याचं म्हणते."

तेव्हा आप्पा वळले. "माय, ती अंगठी हाय का जवळ?" आईची ती कापलेली अंगठी माझ्या पर्समध्ये कायम असायची. मी ती ताटात ठेवली. आप्पा म्हणाले, "बंद अंगठी ह्या बोटात बसायची न्हाई, बाई. पेरावरून गेली तर खाली गरगर फिरंल. अशी करावी लागंल. हाच नमुना."

"तुटकी अंगठी? साखरपुड्याला?"

"तुटलेली न्हाई. उघडलेली हाय."

त्या उठल्या. "कळवतो," म्हणाल्या. प्रकाश तिच्यामागे निघून गेला. माझ्या आईची अंगठी ताटातच राहिली.

नऊ दिवस फोन आला नाही. मामा फोनशेजारीच खुर्ची टाकून बसत. "त्या म्हाताऱ्यानं माझ्या भाचीचं वाटोळं केलं," असं येईल त्याला सांगत. चौथ्या दिवशी मी आप्पांशी भांडायला गेले. "एक दिवस झाकलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं?"

"माझं काय बिघडतंय? एक दिस झाकलं आसतं, मग तू रोजच झाकत बसली आसतीस. क्लासात पदरात हात घालून शिकवायलीस, ते मला दिसत न्हाई व्हय?"

"माझं लग्न मोडलं तर?"

आप्पांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मलाबी तीच फिकीर लागलीय, माय. झोप न्हाई मला." त्यांचा चेहरा पाहून मला पुढे भांडता आलं नाही. त्या दिवसापासून मी वर्गात डावा हात पदराबाहेर ठेवला. पहिल्या बाकावरच्या मुली बोटाकडे बघत राहिल्या, आणि दोन दिवसांनी बघायच्या थांबल्या.

दहाव्या दिवशी वर्ग चालू असताना आप्पांचा निरोप आला. मी हातातला खडू तसाच घेऊन बोळात पळाले. दुकानात प्रकाश बसला होता. नांदेडहून एसटीने एकटाच आला होता. माझ्या आईची अंगठी त्याच्या तळहातावर होती आणि तो आप्पांना विचारत होता, "अशी केली तर घालायची कशी ते कळलं. पण काढायची कशी? उद्या त्यांचं बोट दुखलं, सुजलं, तर मला काढता आली पाहिजे."

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावायचं विसरले. "इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "तुमी पैले."

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. "आईचं म्हणणं, मुलीनं शेवटी हात स्वतः पुढे केला, तेवढं पुरे. हे म्हणायला तिला नऊ दिवस लागले. मामांवरचा राग मात्र अजून गेलेला नाही." मी तिथेच रडले. खडूचा हात डोळ्यांना लागून तोंड पांढरं झालं, ते आप्पांनी पुढे सगळ्या सराफ्याला सांगितलं.

अंगठी झाली. दोन पानांची टोकं एकमेकांजवळ येणारी, पण न भिडणारी. अंगठ्याने जरा दाबलं की फाकायची, पेरावरून सरकायची, खाली गेली की पुन्हा बोट धरायची. साखरपुड्यात एक बाई कुजबुजल्याच, "मधी तुटलीय वाटतं." सासूबाईंनी मागे वळून शाळेतल्या आवाजात सांगितलं, "नवीन पद्धत आहे."

पुढे मी नांदेडला गेले. पहिल्या बाळंतपणात हातपाय सुजले, तेव्हा प्रकाशने एका बोटाने ती अंगठी काढून ठेवली. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मंग? मी काय म्हणलो होतो?" फोनवर त्यांचं हसू लपत नव्हतं.

काही वर्षांनी आप्पांच्या मुलाचा फोन आला. तो मेस चालवायचा, सोन्याला त्याने कधी हात लावला नव्हता. आप्पांच्या किडन्या गेल्या होत्या, अंग सुजलं होतं, बोटातली अंगठी आत आत रुतत होती. दवाखान्यात अंगठी कापायचं यंत्र होतं, पण आप्पा हातच पुढे करत नव्हते. "तुमचं ऐकतील," तो म्हणाला.

मी लातूरला गेले. आप्पा दवाखान्यातल्या खाटेवर डावा हात उशीखाली घालून पडले होते. उशीच्या कडेतून बोटाचं टोक दिसत होतं, काळंनिळं झालेलं. मी शेजारी बसले.

"आप्पा," मी म्हटलं, "काकूंना काय पाहिजे असेल? बोट का अंगठी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानात गेलं. मग त्यांनी मुलाला म्हटलं, "माझा हत्यारांचा डबा आन."

यंत्र त्यांनी नको म्हटलं. त्यांच्याच आरीने, त्यांच्याच सांगण्यावरून, मी ती अंगठी कापली. "पट्टी वली कर. दाबू नगं. दम धर, माय." पातं सारखं घसरत होतं, आणि ज्याचं बोट होतं तोच मला धीर देत होता. शेवटी मी दोन पकडींनी अंगठी फाकवली, काढली आणि त्यांच्या उजव्या मुठीत ठेवली.

"तोडली नाही आप्पा, उघडली."

त्यांनी मूठ उघडून डोळ्यांजवळ नेली, चष्म्याशिवायच कापलेल्या जागेकडे निरखून पाहिलं. "तिरकी उघडलीस," ते म्हणाले, आणि मूठ मिटून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा गेले. मूठ तशीच मिटलेली होती. ती कुणी उघडली नाही.