फितीचं टोक

मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत धावण्याच्या स्पर्धा होतात. जिला आम्ही पंधरा वर्षं मुलगा म्हणून वाढवलं, ती माझी लेक यंदा पहिल्यांदाच मुलींच्या शर्यतीत उतरली. शर्यत संपते तिथे फीत धरायला मी होते. दुसरं टोक धरलेल्या बाईंची मुलगीही धावणार होती.

"तुम्हीच सांगा, हे फेअर आहे का?" त्यांनी विचारलं.

मला तरी कुठे ठाऊक होतं? राग मात्र आला, त्यांचा आणि माझाही.

लेक सगळ्यांच्या पुढे आली तशी मी मनात म्हटलं, देवा, हिला हरू दे. फितीपाशी तिने पाय आवरले. त्यांची मुलगी जिंकली.

घरी जाताना लेक म्हणाली, "आई, धावताना तुझा चेहरा दिसत होता मला."