गडद निळ्या दाढा

मित्राच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी एका गृहस्थांच्या दाढेला भूल देऊन थांबले होते. "ताई, मित्रा नाही राहिली," तो म्हणाला. आणि मी काय बोलावं? "अरे, पण चारला तिचे पेशंट आहेत..." नाश्ता करून उठली, पाणी घ्यायला वळली आणि पडली, एवढंच त्याला सांगता आलं. आजार नाही, दुखणं नाही, पंचेचाळिशीही गाठलेली नाही. आदल्या संध्याकाळी एसी किती थंड ठेवायचा यावरून माझ्याशी कडाकडा भांडून गेलेली बाई अशी मरतेच कशी? महिना उलटला, तरी हा प्रश्न जागचा हललेला नाही.

डॉ. संघमित्रा, आमची मित्रा, मूळची महूची. आजोबा फौजेत, आणि आवाज थेट त्यांचा. डेंटल कॉलेजात आमची गट्टी जमली. पुढे शहरातल्या पलासिया भागात दोघींनी मिळून क्लिनिक टाकलं, मोठ्यांचे दात माझ्याकडे, मुलांचे तिच्याकडे. किडलेल्या दुधाच्या दाढांसाठी रंगीत फिलिंग तिनेच आणलं : गुलाबी, हिरवं, सोनेरी, गडद निळं. रंग मुलानेच निवडायचा. एका वडिलांनी पांढऱ्याचा हट्ट धरला, तर म्हणाली, "भाईसाहब, दाँत आपका है क्या?" रडत आलेलं पोर आरशात दाढ बघत घरी जायचं.

हे फिलिंग मऊ असताना भरतात आणि मग लाइटखाली धरून कडक करतात. एकदा उरलेल्या गडद निळ्या मसाल्याची तिने जाडसर टिकली केली, नेहमीएवढाच लाइट दिला आणि सहज उलटून खालून सुई टोचली. भिजलेल्या साबणात शिरावी तशी सुई आत गेली. "भिया," बाईमाणसालाही ती अशीच हाक मारायची, "इकडे ये! वरून एकदम पत्थर, आणि खाली बघ, कच्चंच!" गुलाबी टिकली दोन्हीकडून टणक निघाली. गडद रंग उजेड वरच्या वर पिऊन टाकतो, तळापर्यंत जाऊच देत नाही. त्या दिवसापासून निळं भरायचं ते पातळ थरांनी, आणि प्रत्येक थराला जास्त वेळ लाइट.

मला वाटलं, विषय संपला. तिचा तिथून सुरू झाला. आधी निळं भरलेल्या सगळ्या मुलांना परत बोलवायचं म्हणाली. "वेडी आहेस का? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं. "म्हणू दे ना. मऊ राहिलेलं झिजणार, कडेला फट पडणार, आत परत कीड लागणार. बच्चा रात को रोएगा, तू जाशील का?" आणि स्वतः फोन लावत बसली. काहींनी तोंडसुख घेतलं, तेही तिने निमूट ऐकलं, जी माझं एक वाक्य निमूट ऐकत नसे. बहुतेक सगळी मुलं येऊन गेली. सांवेर गावची एक मुलगी तेवढी राहिली होती. सोयाबीनची कापणी आटोपली की आणतो, असं घरच्यांनी कळवलं होतं.

गेल्या आठवड्यात ती आईबरोबर आली. मित्रा गेल्यापासून तिच्या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं. तिचं स्टूल तिच्या उंचीचं. बसले तर गुडघे पोटाशी आले. ते वर करायला हात धजला नाही. मुलीच्या दाढेत कडेला फट होती. फिलिंग काढलं... तळाशी मऊच. मित्राचं खरं होतं, आणि हे ओरडून सांगायला ती नव्हती. मला भयंकर राग आला, कोणाचा ते कळेना. कुठला रंग हवा म्हणून विचारलं, तर मुलगी म्हणाली, "नीला ही."

एक थर भरला, लाइट दिला. दुसरा भरला, लाइट दिला. तेवढ्यात आईने विचारलं, "वो मैडम नहीं हैं? उन्होंने ही फोन करके बुलाया था."

इतके दिवस सगळ्यांना मी एकच सांगत आले होते, मॅडम सुट्टीवर आहेत. दुसरं काही तोंडातून निघतच नव्हतं.

"नहीं रहीं," मी म्हणाले.

आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. मुलगी आ वासून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ती आता तोंड मिटेल. पण तिने मिटलं नाही. अजून एक थर बाकी होता.